रुमालाखाली राजेश्रीचा हात

…तर बोकडाचे दात बघायला म्हणून व्यापाऱ्यानं तोंडात बोट घातलं आणि बोकडानं ते असं धरलं की गडी भर बाजारात नाचायलाच लागला! काल इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात पाहुणे आले आणि मला उठावं लागलं. त्या बोकडाचं नाव सरदार. मालकीण आमच्या शेजारची कस्तुराबाई. आणि बोट सुटल्यावर जी पोरगी सगळ्यात मोठ्यानं हसली, ती माझी नात राजेश्री. सांगायची आहे ती तिचीच हकिकत. बोकड मधे येतो, त्याला इलाज नाही.

आम्ही राणीसावरगावकडच्या डोंगरातले मेंढरंवाले. मी गावच्या शाळेत सातवी झालो आणि पुढं चाळीस वर्षं मेंढरांमागं फिरलो. माझा मुलगा भुजंग मात्र रानात रमला नाही. तो शेळ्यांच्या बाजारात दलाल झाला. बाजाराचं नाव मी सांगत नाही. सोमवारी भरतो, एवढं पुरे. राजेश्री त्याची एकुलती एक. ती चार महिन्यांची असताना तिची आई दिपाली काविळीनं गेली. आमची मंडळी, म्हणजे दगडाबाई, तेव्हा पोरीला मांडीवर घेऊन नुसती रडत बसायची. पोरगी वरचं दूध घेईना. कस्तुराबाई नवऱ्यामागं चार शेळ्यांवर दिवस काढायची. ती आली, वाटीत शेळीचं दूध घेतलं, लुगड्याच्या पदराचं टोक त्यात बुडवलं आणि पोरीच्या तोंडात दिलं. पोरगी चोखायला लागली. तीन महिने ती बाई दोन्ही वेळा येत होती. एकदा दगडाबाई म्हणाली, "कस्तुरा, तुजे उपकार कसे फेडू गं?" तर ती म्हणती, "माजे न्हाईत, शेळीचे हायेत. तिला घाल मूठभर दाणे."

पोरगी रांगायला लागली ती भुजंगाच्या रुमालावर. दलालाचा रुमाल म्हणजे हात पुसायचा चौकोन नव्हे. चांगला दोन हात लांब, खांद्यावरचा. बाजारात भाव तोंडानं बोलायचा नसतो, शेजारच्याला कळला तर त्याचा सौदा बिघडतो. म्हणून घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि खाली बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, पुरा पंजा धरला की पाच, बोटाचं मधलं पेर दाबलं की अर्धा. शेकडा की हजार की दहा हजार, ते जनावराकडं बघून ज्याचं त्याला कळतं. तोंडानं दोघंही पाऊसपाण्याच्या गोष्टी करत असतात. ही बोटं भुजंगाला मी शिकवली, तो सात वर्षांचा असताना. त्यानं राजेश्रीला पाच वर्षांची असताना शिकवली. बाप-लेक जेवायला बसले की ताटाखाली सौदा चालायचा. "बाबा, अजून अर्धी भाकर." "न्हाई, पाव." "मंग उठा, सौदा मोडला." दगडाबाई ओरडायची, "आरं, ताट हालायलंय, जेवा की नीट!"

दुसरी एक विद्या मी दिली. माझे वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत गेलेले. त्यांनी मला अलिफ-बे शिकवलं होतं, ते मी पोरीला काठीनं धुळीत काढून दाखवायचो. मला अक्षरं यायची, अर्थ यायचा नाही. पण पोरीला काय, उजवीकडून डावीकडं लिहायचं याचीच मौज.

बारावी झाली आणि तिनं पुण्याच्या एका विद्यापीठाचं नाव काढलं. आंतरराष्ट्रीय व्यापार शिकायचा, आणि त्याच्या जोडीला एक परकी भाषा आणि त्या मुलखाची रीतभात. भाषांत जर्मन होती, जपानी होती. हिनं अरबी धरली. म्हणाली, "आबा, निदान अक्षरं तरी वळखीची."

नागनाथच्या हॉटेलात ही खबर मी दिली, तेव्हा काय मजा झाली!

"रंगनाथबुवा, नात काय शिकायलीय म्हनलात?"

"आंतरराष्ट्रीय व्यापार."

"म्हंजी शेळ्या दुबईला इकणार."

"इकंल की."

"मंग त्याला पुण्याला कशाला जायाचं? बाप इथंच इकायलाय, फुकट शिकवंल!"

सगळे हसले. मीही हसलो. पुढं काय वाढून ठेवलंय हे तेव्हा ना नागनाथला ठाऊक, ना मला.

सुट्टीत ती यायची तेव्हा आमचं घर म्हणजे शाळाच. कोणत्या मुलखात कामाचं बोलण्याआधी तासभर पोराबाळांची चौकशी करावी लागते, कुठं ती केली तर माणूस संशय घेतो. कुठं 'बघू' म्हटलं की 'नाही' समजायचं. अरबांकडं पाहुण्याचा कप रिकामा झाला की ते पुन्हा भरतात, पुरे झालं असेल तर कप जरा हलवून परत द्यायचा. हे मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी चहाचा कप हलवला. दगडाबाईनं भरला. पुन्हा हलवला, पुन्हा भरला. तिसऱ्यांदा म्हणाली, "हात कापायलाय का तुमचा? दवाखान्यात जाऊन या."

असे हे दिवस. खोटं कशाला बोलू, माझ्या उभ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. फीचं भुजंग बघायचा. वसतिगृहाचं भुजंग बघायचा. दलालीत एवढं कसं सुटतं, हे मी त्याला विचारलं नाही. का विचारलं नाही, ते पुढं येतंय.

दुसरं वर्ष संपताना सरांनी वर्गाला काम दिलं: आपापल्या गावाकडचा एक बाजार घ्या आणि परदेशी माणसाला समजावून सांगता येईल असा लिहून काढा. कोण बोलतं, कोण गप्प राहतं, 'हो' कसं म्हणतात, 'नाही' कसं म्हणतात. तिसऱ्या वर्षाचे निम्मे गुण त्या लेखावर, आणि वर्गातले दोघं सहा महिने मस्कतच्या विद्यापीठात जाणार, त्यांची निवडही त्यावरच. राजेश्री उड्या मारतच घरी आली. "आबा, बाकीचे मॉल लिव्हतील. माझ्याकडं रुमाल हाय!"

बकरी ईदच्या आधीचा सोमवार. ऊन असं की शेळ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या. कस्तुराबाईनं सरदारला आणलं होतं. दोन वर्षं तिनं त्याला बाभळीच्या शेंगा आणि भुईमुगाचा पाला घालून वाढवला होता. तो तिचा शेवटचा. गुडघे गेले, रान होईना, म्हणून बाकीच्या शेळ्या आधीच गेल्या होत्या. आता ती सेलूला लेकीकडं, केवळाबाईकडं, राहायला जायची होती. पण जावयाच्या घरात जागा नाही. तिनं मिस्त्रीला विचारून ठेवलं होतं. अंगणात एका बाजूला पत्र्याची खोली, मजुरीसकट सतरा हजार. "माज्या पैशाची खोली आसली की जावयाला आवाज न्हाई," असं ती सगळ्यांना सांगत होती.

व्यापाऱ्याचं बोट सुटलं, हसून झालं, आणि सौद्याला बसले. आता इथं एक रीत सांगायला हवी. बाईमाणूस रुमालाखाली हात घालत नाही. परक्या बाप्याच्या हातात हात द्यायचा कसा? म्हणून बाईचं जनावर असलं की तिच्या बदली दलाल हात घालतो, आणि काय ठरलं ते तिला तोंडानं सांगतो. पैसे व्यापारी दलालाच्याच हातात देतो. माझ्या आजोबांच्या काळापासून असंच.

भुजंगानं रुमाल झटकला आणि लेकीकडं बघितलं. "तुला लिव्हायचंय ना? नुसतं बघून काय लिव्हतीस. ये, माज्या जागी हात घाल."

व्यापारी मागं सरला. "भुजंगराव, लेकीबाळीच्या हाताला कसं धरावं? पाप लागंल."

"लागू द्या," राजेश्री म्हणाली. "मी पुण्याला जाऊन धुते."

आजूबाजूचे हसले. तिनं हात घातला. पहिल्यांदा एक बोट. म्हणजे दहा. मग पुरा पंजा. मग तीन बोटं. अठरा. तिनं दुसऱ्या हातानं बापाचा हात धरून तोच आकडा दाबला, आणि भुजंगानं मान हलवून सौदा पक्का केला. पोरीचा चेहरा असा फुलला होता की मी तिकडंच बघत राहिलो. पाच वर्षांची असताना शिकलेलं पहिल्यांदा खऱ्या हातावर वाचलं होतं तिनं.

भुजंग कस्तुराबाईकडं वळला. "मावशी, चौदा. ह्याच्या वर गडी हलंना."

रुमाल अजून राजेश्रीच्या हातावरच होता.

कस्तुराबाईनं सरदारच्या पाठीवरून हात फिरवला. "चौदाच? माज्याच चाऱ्यात खोट ऱ्हायली आसंल. दे बाबा." आणि तेव्हा भुजंगानं राजेश्रीकडं बघून एक डोळा बारीक केला. बघा, त्यानं लपवलं नाही. लपवायचं असतं तर तो तिला हात घालू देता का? त्याला ते चोरीसारखं वाटतच नव्हतं. बाजारात त्याला 'पदराचं' म्हणतात. विकणारी पदरवाली असली की मधलं जे राहतं, ते दलालाचं. सुतार पोराला रंधा दाखवतो, तसं त्यानं लेकीला आपलं कसब दाखवलं होतं. त्याला वाटलं, पोरगी खूश होईल.

पोरगी बाजारात काही बोलली नाही. घरी आली, भुजंग जेवायला बसला आणि ती उभीच राहिली.

"बाबा, ते चार हजार मावशीला नेऊन द्या."

"खुळी का काय तू? बाजारात सात दलाल हायेत, सातीच्या साती घेत्यात."

"मला एकाचंच ठाऊक हाय."

"आन् तुजी फी? तुला काय वाटलं, नुसत्या दलालीवर पुणं चाललंय?"

 हे तिला ठाऊक नव्हतं. मग ती माझ्याकडं वळली. "आबा, तुमाला म्हाईत होतं?"

 माहीत होतं. मी दलाल नव्हतो, पण भुजंगाच्या आधीच्या दलालांनी दगडाबाईच्या शेळ्या विकल्या तेव्हा सुद्धा मी बाजूला उभा राहून ऐकलं आहे, आणि गप्प बसलो आहे. "व्हतं," म्हणालो. ती आत निघून गेली.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी भुजंगच मऊ झाला. म्हणाला, "बाई, ह्या महिन्यात तुजी फी भरायचीय. एकदा ती भरू दे. दिवाळीला मी सोता सेलूला जातो, मावशीच्या हातात चार हजार ठेवतो आन् पाया पडतो. तवर तू गप ऱ्हा."

राजेश्रीनं मान्य केलं. मला वाटतं, मान्य केलं याचंच तिला पुढं सगळ्यात जास्त लागलं. फी भरली गेली, ती पुण्याला गेली, आणि कस्तुराबाई सेलूला.

खोली झाली नाही. चौदात मिस्त्री येईना, जावई वरचे घालीना. कस्तुराबाईचं अंथरूण ओसरीवर पडलं. त्या वर्षी भादव्यात सलग आठ दिवस पाऊस लागला, वाऱ्यानं झड थेट आत यायची. छातीत कफ झाला. सेलूच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं, तिसऱ्या दिवशी ती गेली. चार हजारांनी ती वाचली असती असं मी म्हणत नाही. सत्तरीची बाई, कफ कुठंही झाला असता. पण खोलीत झोपली असती, एवढं म्हणतो.

दहाव्याला राजेश्री पुण्याहून रेल्वेनं परस्पर सेलूला उतरली, मी इकडून बसनं गेलो. भुजंग आला नाही. बायका ओसरीवर बसल्या होत्या, त्याच ओसरीवर. केवळाबाईनं राजेश्रीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आई लय याद काढायची तुजी. जाताना बी तेच. म्हनायची, राजीला सांगा, सरदार हलका निघाला म्हणून खोली ऱ्हायली. माजंच चुकलं, चारा कमी पडला. भुजंगाला कुणी बोल लावू नगा."

मी खाली बघितलं. मला वाटलं पोरगी रडेल. ती रडली नाही. सगळ्यांच्या देखत, हळू पण नीट ऐकू येईल असं बोलली.

"केवळाआत्या, सरदार हलका नव्हता. अठरा झाले होते. माज्याच हातावर झाले होते. बाबांनी चौदा सांगितले आन् मी गप बसले."

ओसरीवरची एक म्हातारी "अगं बया" म्हणाली. केवळाबाई किती तरी वेळ पोरीच्या हाताकडं बघत होती. मग म्हणाली, "हे तिला सांगाया पायजे होतं, बाई. मला सांगून काय?" आणि उठून पानं वाढायला गेली. आम्हाला जेवू घातलं. असं जेवण मी आयुष्यात दुसरं जेवलो नाही. पान टाकून उठताही येत नव्हतं.

दिवाळीला राजेश्री लेख घेऊन घरी आली. सरांनी पहिला खर्डा वाचून समासात एकच ओळ लिहिली होती: 'या बाजारात बायका कुठे आहेत?' त्या एका ओळीवर तिनं नवीन सहा पानं लिहिली होती. दुपारी अंगणात बसून तिनं ती आम्हाला मराठीत वाचून दाखवली. रुमाल, बोटं, बाईचा हात, पदराचं, अठरा आणि चौदा. ईदचा सोमवार. मिस्त्रीचे सतरा. ओसरी. सगळं होतं. फक्त दलालाच्या नावाची जागा मोकळी होती.

भुजंगानं सगळं ऐकलं. मग त्यानं रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"हे कोण वाचणार?"

"सर वाचतील. मस्कतचे लोक वाचतील. बाजार समितीला एक प्रत द्यायचा नियम हाय, ज्या बाजाराचं लिव्हलं त्यांना."

"म्हंजी इथं येणार."

"व्हय."

"मंग मला सोमवारी बाजारात कोण उभं करंल? बाकीचे सहा माजं काय करतील ठाऊक हाय का? आन् बाया? त्या तर चपला घेऊन येतील." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पोरी, तुज्यासाठी केलं म्या. तुजी आई गेली तवा ठरवलं व्हतं, हिला शेळ्यांमागं लावायचं न्हाई."

"ठाऊक हाय, बाबा."

"मंग?"

 मी मधे पडलो. मला वाटलं मी शहाणा. म्हणालो, "बाई, बाजाराचं नाव बदल. कुठल्या तरी लांबच्या तालुक्याचं टाक. नायतर लिव्ह, एक दलाल. एक दलाल म्हनलं की कुणाला काय कळतंय? खोटं बी न्हाई आन् बापाचं पोट बी ऱ्हातं."

"आन् गुण बी ऱ्हातात," ती म्हणाली. "मस्कत बी ऱ्हातं. सगळंच ऱ्हातंय, आबा." मला वाटलं, पटलं. पण तिनं कागद गोळा केले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं गेली. भुजंग फाट्यापर्यंत तिची पेटी घेऊन गेला. वाटेत दोघं काय बोलले ते त्यानं मला सांगितलं नाही. परत आला तेव्हा म्हणाला, "काय लिव्हायचं ते तिचं तिनं ठरवावं. म्या आता काय बोलत न्हाई."

त्यानंतर तो दर सोमवारी बाजाराला जात राहिला, पण बाईचं जनावर आलं की रुमाल खांद्यावरून काढीना. दुसऱ्याकडं बोट दाखवायचा. दलाली निम्म्यावर आली. नागनाथनं विचारलं, "भुजंगा, बायांशी भांडण झालं का काय?" तर हा नुसता चहा प्यायला.

लेख द्यायची तारीख माघातली होती. त्या दिवशी भुजंग बाजारालाही गेला नाही. सकाळपासून अंगणात बसून होता आणि माझ्याकडं बघत होता. मला कळलं, त्याला विचारायचं आहे आणि विचारवत नाही. मीच फोन लावला. दगडाबाई दारात येऊन उभी राहिली. मी फोनचा आवाज मोठा केला, म्हणजे भुजंगाला ऐकू यावं.

"राजेश्री, दिलास का लेख?"

"दिला, आबा. आत्ताच."

"बाई, त्या मोकळ्या जागेत कुणाचं नाव लिव्हलंस?"

 मागं पोरापोरींचा गलका ऐकू येत होता. मग तिचा आवाज आला:

"बाबांचं लिव्हलं. बाबांना बोटं तुमी शिकवली म्हणून तुमचं लिव्हलं. आन् त्या पैशावर फी कुणाची भरली आन् गप कोण बसलं, म्हणून खाली माजं लिव्हलं. सर म्हनले, तुझं तरी काढ, नाहीतर मस्कत हातचं जाईल. मी म्हनलं, जाऊ द्या."